पॉक्सो : शिक्षा वाढली, पण खटला नेमका कुठे निसटतो?

नदीकाठ (धागाकर्ता)

बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आले, तेव्हा २० तारखेला संतप्त जमावाने रेल्वे अडवून धरली आणि आरोपीला तिथल्या तिथे फाशी द्या, अशी मागणी झाली. पुढे २३ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असतानाच तो आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्याच्यापुरता खटला तिथेच संपला. तो दोषी होता की नाही, हे न्यायालयाने सांगण्याची वेळच आली नाही.

मला विचारायचे आहे ते याच्या पलीकडचे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो तो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. २०१९ मध्ये त्यातील शिक्षा आणखी कठोर झाल्या आणि सर्वांत गंभीर प्रकारासाठी किमान २० वर्षे ते थेट मृत्युदंडापर्यंतची तरतूद आली. तरीही आमच्या तालुक्याच्या बातम्यांत ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ हे शब्द वरचेवर वाचायला मिळतात. पोलीस ठाणे, रुग्णालय, न्यायालय की घर, यांपैकी कुठे हे खटले निसटतात? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे, मात्र कोणाचीही ओळख पटेल असा तपशील देऊ नये.

सडेतोड

चौकात फाशी द्यावी, म्हणजे दुसऱ्याची हिंमत होणार नाही. वकील, तारखा, अपील हा सगळा डोलारा आरोपीच्या सोयीसाठी उभा केलेला आहे. बदलापुरात जे झाले ते योग्यच झाले, असे मी उघडपणे म्हणतो.

शिरस्तेदार

सडेतोड, आपला संताप समजतो, पण जिल्हा न्यायालयात नोकरीचा बहुतेक काळ काढल्यावर मला तो मार्ग पोकळ वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहा. अशा गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर, आईचा दुसरा नवरा. आता अशा घरात फाशीची भाषा सुरू झाली की काय होते, तर आजी मुलीला जवळ बसवून समजावू लागते की तुझ्या एका शब्दाने काका लटकेल आणि चुलत भावंडे रस्त्यावर येतील. शिक्षेचा आकडा जितका मोठा, तितका हा दबाव मोठा. न्यायाधीशही माणूसच असतात. किमान २० वर्षे द्यावी लागणार हे ठाऊक असल्यावर पुराव्यातली बारीकशी फटही त्यांना मोठी दिसू लागते. त्यामुळे कायदा कडक करून साक्ष मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

साक्षीचा दिवस कसा असतो तेही सांगतो. मूल पिंजऱ्यात उभे राहिले की कठड्यावरून केवळ डोळे दिसतात, म्हणून आमचा शिपाई आतून स्टूल आणून ठेवायचा. बारा वर्षांखालील मुलाला शपथ द्यावी लागत नाही, पण त्याला प्रश्न समजतात का, हे न्यायाधीश आधी तपासून घेतात. कोणत्या इयत्तेत आहेस, बाई कोण, खोटे बोलणे चांगले की वाईट, असे प्रश्न असतात. मुलाला आरोपी दिसू नये, ही जबाबदारी पॉक्सोच्या कलम ३६ ने न्यायालयावर टाकलेली आहे. ज्या इमारतीत वेगळी खोली नसे तिथे आम्ही दवाखान्यातला हिरवा पडदा मागवून आणत असू. कलम ३३ प्रमाणे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांना सांगायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे असतात, पण प्रत्यक्षात उलटतपास रंगात आला की वकील सरळ मुलाकडे वळून बोलू लागतात. काही न्यायाधीश तिथेच रोखत, काही रोखत नसत.

आणि मग ती ठरलेली वाक्ये. ‘हे मी पोलिसांना सांगितले होते. ते माझ्या जबाबात का नमूद नाही, त्याचे कारण मला सांगता येणार नाही. हे म्हणणे खरे नाही की मी आईच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ टंकलेखक हे प्रथमपुरुषी एकवचनात उतरवतो. खाली सही असते ती दुसरीतल्या मुलीची, नाव जोडून लिहिता येत नाही म्हणून अक्षरे सुटी सुटी.

अबोली

शेवटचे वाक्य वाचून थांबले. पुढचे उद्या वाचेन.

खाकीनिवृत्त

पोलीस दलात महिला उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले, म्हणून आमच्या बाजूचे दोष मीच सांगते. कलम २४ स्पष्ट आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, गणवेश घालायचा नाही आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही. प्रकरणाची माहिती चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या जिल्ह्याच्या समितीला) आणि विशेष न्यायालयाला द्यायची. बदलापूरच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन् तास ताटकळावे लागले, ही बाब जनतेच्या रागाचे मोठे कारण होती आणि तो राग अनाठायी नव्हता.

मात्र त्याहून घातक चूक अनेकांच्या लक्षातच येत नाही. लेखनिकाच्या हातात वर्षानुवर्षांचा साचा असतो. सात वर्षांची मुलगी म्हणते, ‘त्या दादाने मला दुकानाच्या मागे नेले आणि मला आवडले नाही.’ कागदावर उमटते, ‘सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले.’ हा जबाब न्यायालयात गेल्यावर बचाव पक्षाचा वकील अगदी शांतपणे मुलीला विचारतो, ‘लज्जा उत्पन्न होणे म्हणजे काय, बाळ?’ तिला अर्थातच सांगता येत नाही. मग जबाब पढवलेला ठरतो. वास्तविक कलम २६ मध्येच म्हटले आहे की मूल जसे बोलेल तसेच नोंदवावे आणि शक्य तिथे दृकश्राव्य चित्रणही करावे. मी माझ्या लेखनिकाला सांगत असे की तिने ‘शूची जागा’ म्हटले असेल तर तेच लिही, शुद्ध मराठी करू नकोस. सुरुवातीला त्याला ते लाजिरवाणे वाटे.

सडेतोड

म्हणजे पोलिसांना शब्द नीट लिहिता येत नाहीत म्हणून नराधम सुटणार. हे फाशीपेक्षा अधिक संतापजनक आहे.

खाकीनिवृत्त

होय. त्याबद्दलच संतापावे, अशी माझी विनंती आहे.

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि अशा खटल्यांत मला साक्षीसाठी जावे लागले आहे. माझ्याकडे पुरावा असतो तो जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा. मूल अठरा वर्षांखालील असल्याचे सिद्ध झाले नाही तर पॉक्सोचा पायाच ढासळतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र पाहिले जाते, ते नसल्यास नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तर हाडांच्या तपासणीवरून वयाचा अंदाज घेतला जातो. आता आमच्या रजिस्टरची गंमत पाहा. पूर्वीच्या गुरुजींनी पट भरताना ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही त्या सगळ्यांना १ जून बहाल केला. उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो, की ही तारीख कोणी सांगितली आणि कोणत्या कागदावरून लिहिली. पालकाची सही असलेला प्रवेशअर्ज जपून ठेवलेला असला तर उत्तर देता येते. तो उधईने खाल्लेला असला तर मुलीचे वय अधांतरी राहते.

दुसरी गोष्ट शाळांच्या जबाबदारीची. असा गुन्हा झाल्याचे कळूनही तो न कळवणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. साध्या व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापुरात शाळेच्या व्यवस्थापनावर याच कारणाने गुन्हा नोंदला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या शालेय वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात माहिती दडवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. तरीही संस्थेची बदनामी नको, म्हणून आधी चौकशी समिती नेमू, हा सल्ला मी कानांनी ऐकलेला आहे. चौकशी करणे हे आपले काम नाही. पोलिसांना कळवणे एवढेच आपले काम आहे.

घाटमाथा

१ जून हा अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस आहे. आमच्या घरी बाबा, दोन काका आणि एक आत्या एकाच दिवशी केक कापतात.

घाटमाथा

विषयाला धरून एक भर घालतो. आमच्या शेजारच्या गावात असेच प्रकरण झाले. त्या मुलाचे वडील [...] येथे [...] चालवतात आणि [...]

व्यवस्थापन

वरील प्रतिसादातील गावाचे नाव, वडिलांचा व्यवसाय आणि शाळेचा उल्लेख काढून टाकला आहे. नाव न लिहिताही ओळख पटू शकते आणि पॉक्सोच्या कलम २३ नुसार मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा किंवा शेजार यांपैकी काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ च्या निकालात हे अधिक स्पष्ट केले असून, पीडित व्यक्ती हयात नसली तरीही तिचे नाव उघड करण्यास मनाई आहे. असे तपशील पुन्हा आल्यास धागा वाचनमात्र करण्यात येईल.

उमाताई

मी काही वर्षांपासून सहाय्यक व्यक्ती म्हणून काम करते. पुष्कळ पालकांना ही सोय असल्याचेच माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी अशी व्यक्ती नेमू शकते. तपास आणि खटला चालू असेपर्यंत आम्ही मुलाबरोबर राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना याची नीट व्यवस्था लावण्याचे निर्देशही दिले. आम्ही वकील नाही, समुपदेशकही नाही, आणि साक्षीत काय सांगायचे हे शिकवण्यास तर आम्हाला सक्त मनाई आहे.

मग करतो काय? साक्षीच्या आधी एखाद्या रिकाम्या दुपारी मुलीला न्यायालय दाखवून आणतो. हे साहेब इथे बसतात, हा कोट घातलेला माणूस प्रश्न विचारेल, प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायचे, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचे, त्यासाठी कोणी रागावणार नाही. एका मुलीला वाटत होते की न्यायालयात जायचे म्हणजे आपल्यालाच तुरुंगात टाकणार. घरच्यांपैकी कोणीतरी तिला गप्प करण्यासाठी तसे सांगून ठेवले होते. स्वच्छतागृह कुठे आहे हे दाखवल्यावर ती पहिल्यांदा मोकळी झाली, कारण तिची खरी भीती तीच होती की मधे जायला कोणी परवानगी देणार नाही.

शिरस्तेदार काका म्हणतात तो घरचा दबाव मी रोज पाहते. आई फिर्याद देते, पण भाडे भरणारा आरोपीच असतो. अटक झाली की दुसऱ्या महिन्यापासून घरात किराणा नसतो. कायद्यात विशेष मदतीची तरतूद आहे, म्हणजे अन्न, कपडे, प्रवास यांसाठी बालकल्याण समिती तातडीने रक्कम देण्याची शिफारस करू शकते, पण ती शिफारस कोणीतरी मागावी लागते. साक्षीदार फितूर झाला, असे निकालपत्रात एका ओळीत येते. त्या ओळीमागे पुष्कळदा रेशन संपलेले असते.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीटला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. तो समाजात दानशूर म्हणून ओळखला जाई, म्हणून लोकांना आधी खरेच वाटेना. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला आणि त्यात स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. पॉक्सो येण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट, त्यामुळे दिल्लीने वाट दाखवण्याची गरजच असते असे नाही.

आणि एक सांगायचे राहते. या धाग्यात सगळेजण ‘मुलगी’ लिहीत आहेत. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि तसे सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून किंचित जास्त होते.

शिरस्तेदार

मांडवीतीर यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. मुंबईतल्या अँकरेज निवाऱ्यांचा खटला आठवा. रस्त्यावरच्या मुलांसाठी हे निवारे चालवणारे डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स हे ब्रिटिश नागरिक होते. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये त्यांना दोषी ठरवून सहा वर्षांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्दोष सोडले, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ शिक्षा कायम केली. पीडित मुलगे होते आणि बलात्काराची व्याख्या केवळ स्त्रियांपुरती असल्याने खटला भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ चा आधार घेऊन चालवावा लागला. ज्या मुलांनी साक्ष दिली त्यांना ना घर होते ना पाठीशी आईबाप, तरीही शेवटी त्यांच्याच शब्दावर शिक्षा टिकली. साक्ष विश्वासार्ह असेल तर एकट्या पीडिताच्या साक्षीवर शिक्षा देता येते, हे तत्त्व जुनेच आहे. पॉक्सोने मुलगा आणि मुलगी हा भेद काढून टाकला, हे त्या कायद्याचे सर्वांत मोठे काम, असे मी मानतो.

कायदेपंडित_नव्हे

मी कनिष्ठ वकील आहे आणि बहुधा बचावाच्या बाजूने उभा राहतो, त्यामुळे येथे शिव्या खाण्याची तयारी ठेवूनच लिहितो. निर्दोष सुटलेल्यांच्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर घर सोडून जाते, वडील फिर्याद देतात, आणि साक्षीच्या दिवशी तीच मुलगी कडेवर मूल घेऊन सांगते की हा माझा नवरा आहे. कायद्याने तिची संमती ग्राह्य नाही, पण ती विरोधात बोलत नसल्याने खटला पडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवावे, मात्र सोळा ते अठरा वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना विवेकाधिकार द्यावा, असे सुचवले. आमच्या न्यायालयात असे खटले वगळले तर उरलेल्यांचे चित्र वेगळे दिसेल. सहा वर्षांच्या मुलाचा खटला याच रांगेत तिष्ठत राहतो, हा त्यातला खरा अन्याय.

आणि कलम २९ चे गृहीतक, म्हणजे आरोपीनेच गुन्हा केला असे न्यायालयाने धरून चालायचे, तेही आपोआप लागू होत नाही. मूलभूत घटना आधी सरकार पक्षाला सिद्ध कराव्याच लागतात.

अबोली

शिव्या देणार नाही, पण एक विचारते. सहा वर्षांच्या मुलाला तुम्ही उलटतपासात काय विचारता?

कायदेपंडित_नव्हे

कमीत कमी. रडणाऱ्या मुलाला छेडणारा वकील आपल्याच अशिलाचे नुकसान करतो. मी तपास अधिकाऱ्याला विचारतो, कारण चुका तिथे असतात.

लीड्सकर

इंग्लंडमध्ये आमच्याच शहराच्या न्यायालयासह तीन ठिकाणी उलटतपासही आधीच चित्रित करून ठेवण्याचा प्रयोग झाला आणि आता ती सोय तेथील सर्व क्राउन न्यायालयांत आहे. खटला कितीही लांबला तरी मुलाचे काम सुरुवातीलाच संपते आणि ज्युरी ते चित्रण पाहते. आपल्याकडे हे अशक्य आहे का?

शिरस्तेदार

कायद्याने तर आपण त्याच दिशेला आहोत. कलम ३५ म्हणते की न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. हे ३० दिवस पाळले गेलेले मी क्वचितच पाहिले. दोषारोपपत्र येते, पण न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येत नाही, आरोपीचा वकील बदलतो, न्यायाधीशांची बदली होते. सहाव्या वर्षी घडलेली गोष्ट मूल दहाव्या वर्षी सांगते आणि आपण त्याला विचारतो की दार डावीकडे होते की उजवीकडे. नदीकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. एक वेळ शिक्षा सात वर्षांचीच ठेवा, पण त्या मुलाचे म्हणणे महिन्याभरात, एकदाच आणि त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्या.

सडेतोड

फाशीबद्दलचे माझे मत बदललेले नाही. पण महिन्याभरात साक्ष, याला मीही अनुमोदन देतो.

नदीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आता थोडे पुढचे विचारतो. शिक्षा झाल्यावर त्या कुटुंबाला हायसे वाटावे, तर आरोपी अपिलात जाऊन जामिनावर गावात परततो, असे एका ओळखीच्या घरी झाले. त्यांना ते दुधाच्या डेअरीवर कळले. अशा वेळी मुलाच्या संरक्षणासाठी काय करता येते?

कायदेपंडित_नव्हे

एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याबाबत निर्देश दिलेले आहेत. जामीन किंवा अन्य अर्जांच्या सुनावणीची सूचना मुलाच्या पालकांना किंवा वकिलाला मिळाली पाहिजे आणि त्यांना म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. ती सूचना मिळाली नसेल तर जामीन रद्द करण्याच्या अर्जात तो मुद्दा अवश्य घ्यावा. शिवाय गावात येऊ नये, मुलाशी वा कुटुंबाशी संपर्क करू नये, या अटी मागता येतात. अपिलात काहीही होऊ शकते, हेही कुटुंबाला आधीच सांगून ठेवावे. नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून लैंगिक हल्ल्याची शिक्षा रद्द केली, आणि ती परत यायला नोव्हेंबर उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले की महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू. कपडा मधे होता की नव्हता, यावर गुन्हा ठरत नाही.

उमाताई

त्या कुटुंबाने दोन गोष्टी लगेच कराव्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन मोफत वकील मागावा आणि तिथेच मनोधैर्य योजनेचा, म्हणजे अत्याचारपीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या अर्थसाहाय्याचा, अर्ज झाला आहे का, ते विचारावे. या योजनेत दहा लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि त्यासाठी शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. खटला चालू असतानाही विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी घराभोवती फिरकत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवावे आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय परतू नये. जिल्हा कोणता ते येथे लिहू नका, मला खासगी संदेशात कळवा, मी तिथल्या सहाय्यक व्यक्तीशी गाठ घालून देते.

नदीकाठ (धागाकर्ता)

संदेश पाठवला आहे, ताई.